महिना चालवून दाखव

या घरातल्या माणसांना बातमी सरळ सांगता येत नाही. ही खोड अप्पांपासूनची. पहिली नोकरी गेली तेव्हा अप्पा चार दिवस डबा घेऊन वेळेवर बाहेर पडत होते आणि संध्याकाळी वेळेवर घरी येत होते. पुढच्या पिढीत घरातल्या वस्तूंवरून भांडणं झाली, पण ही खोड मात्र दोन्ही मुलांना अगदी सारखी मिळाली. म्हणून तर भाऊ आई आणि बायकोला घेऊन बहिणीकडे परदेशात आला, आणि तिथल्या फ्लॅटमध्ये अकरा दिवस एका टेबलावर जेवूनही भाऊ-बहीण आपापली बातमी पोटात ठेवून बसले होते. बहिणीच्या पर्समध्ये शाळेचा एक फॉर्म होता, भावाच्या बॅगेत एक फाईल होती, आणि दोघंही योग्य वेळ शोधत होते.

ती वेळ आली शनिवारी सकाळी, चहाच्या कपांबरोबर. फॉर्म द्यायचा आज शेवटचा दिवस होता आणि शाळेचं ऑफिस दोनला बंद होणार होतं, त्यामुळे बहिणीलाच आधी तोंड उघडावं लागलं.

"मला एक सांगायचंय," धाकटी म्हणाली. घरात ती धाकटीच, त्रेचाळीस वर्षांची होऊनही आणि नऊ वर्षं इथे गणित शिकवूनही. "माझा करार संपतोय. पुढच्या दोन वर्षांचा करार मी करणार नाहीये. मी परत येतेय."

दादाने बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तसंच राहिलं.

"घशात गाठी आहेत," ती पुढे म्हणाली. "आठवड्याला एकतीस तास घेते मी. गुरुवारपर्यंत आवाज बसतो. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवलंत तर कायमचा जाईल. आपल्याकडे एका शाळेत जूनपासून जागा आहे. पगार इथल्याच्या एक तृतीयांश, पण वर्ग लहान आहेत."

"गरम पाणी पी," दादा म्हणाला. "गुळण्या कर. घशासाठी कोणी नोकरी सोडतं का?"

"दादा..."

"थांब. आधी हे बघ आणि मग बोल." आणि तो उठून आतून फाईल घेऊन आला. चेहऱ्यावर असं काही हसू होतं, की वहिनीने पटकन खाली बघितलं. फाईलमध्ये एका नव्या इमारतीचं रंगीत चित्र होतं, मागे नकाशा, त्याच्यामागे बुकिंगची पावती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी, तिसरा मजला.

"तुझ्या नावावर," दादा म्हणाला. "तुझं मुखत्यारपत्र होतंच माझ्याकडे. म्हटलं, हिला आत्ता सांगायचंच नाही, समोर बसून दाखवू. सहा वर्षांचे हप्ते. मग तू मालकीण!"

"हप्ते कोण भरणार?"

"कोण म्हणजे? तूच. इथले साडेअकराशे महिन्याला. तुला ते काय जड!"

धाकटीने नकाशा उलटा केला, परत सुलटा केला. वर्गात एखाद्याने उत्तर आधी लिहून मग त्याला जुळेल असं गणित मांडलेलं असलं की ती अशीच कागद फिरवायची.

"म्हणजे मी परत यावं म्हणून तू घर घेतलंस," ती म्हणाली, "आणि त्या घरासाठी मी परत यायचं नाही."

"सहा वर्षं नाही यायचं. मग ये की! कोण नाही म्हणतंय?"

"सहा वर्षांनी मी एकोणपन्नास वर्षांची असेन, दादा. आणि मुकी असेन."

"तुझं आपलं काहीतरीच."

दादाच्या बाजूने बघायचं तर त्याचंही फार चुकलं नव्हतं. चार महिने तो त्या इमारतीच्या चकरा मारत होता. तिसरा मजला मिळावा म्हणून बिल्डरच्या माणसाशी भांडला होता, गॅलरी कुठल्या दिशेला आहे ते सकाळ-संध्याकाळ जाऊन बघून आला होता. आयुष्यात त्याने स्वतःच्या हिंमतीवर केलेलं हे पहिलं मोठं काम. अप्पा गेल्यापासून घराचा कर्ता म्हणून तो मिरवला खरा, पण प्रत्येक मोठा खर्च बहिणीच्या पैशातूनच निघत आला, हे त्याला टोचत नव्हतं असं नाही. यावेळी तिचा पैसा तिच्याच नावावर लावायचा, कोणाला बोलायला जागा ठेवायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. आणि ही बाई कौतुकाचा एक शब्द न बोलता घशाचं काढून बसली. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्याचा आवाज चढायचा.

"एक सांग मला," तो म्हणाला. "एकटीला अख्खा फ्लॅट. दोन झोपायच्या खोल्या. आम्ही तिकडे तीन माणसं एका बाथरूममध्ये रांग लावतो. एवढं ऐसपैस राहणाऱ्या बाईला साडेअकराशेचा हप्ता झेपत नाही?"

यावर धाकटी काय म्हणणार होती ते राहूनच गेलं, कारण बेल वाजली.

दारात एक उंच बाई उभी होती. एका हातात चाक तुटलेली बॅग, दुसऱ्या हातात इस्त्री, काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. धाकटी ताडकन उठली, पण उशीर झाला होता.

"सॉरी गं, अगदी सॉरी," ती बाई म्हणाली. "मैत्रिणीकडे तिचे दीर-जाऊ आले पोराबाळांसकट. दोन रात्री सोफ्यावर काढल्या, आता सोफाही गेला. तू पंधरा दिवस म्हणाली होतीस, मला माहितेय. पण मी जाऊ कुठे? सोमवारी माझ्या वर्गाचा केमिस्ट्रीचा पेपर आहे."

"या कोण?" दादाने विचारलं.

मग आतल्या खोलीतून आई बाहेर आली. केस विंचरत होती, फणी तशीच हातात.

"ये गं," आई त्या बाईला म्हणाली. "तुझ्याच खोलीत मी झोपते ना? पलंगाखाली तुझ्या चपला आहेत, मी हलवल्या नाहीत."

"आई, तुला माहीत होतं?" धाकटी म्हणाली.

"दुसऱ्या दिवशीच कळलं. फ्रिजमधल्या अंड्यांवर पेनाचे ठिपके आहेत. निम्म्यांवर निळे, निम्म्यांवर लाल. एकटी राहणारी बाई स्वतःच्याच अंड्यांवर कशाला खुणा करेल?"

वहिनीने नवऱ्याचा हात धरला. "अहो," ती हळूच म्हणाली, "आपण अकरा दिवस हिचीसुद्धा अंडी खाल्ली."

"खाल्ली तर खाल्ली," केमिस्ट्रीवाली म्हणाली. बॅग तिने दाराआड ढकलली होती आणि आता निघायचं की बसायचं, हे तिला कळत नव्हतं. "हिने माझं पंधरा दिवसांचं भाडं भरलंय. अंडी त्यात धरा."

बिचारीने मदत म्हणून सांगितलं, पण दादाचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे आम्हाला दाखवायला तू हिला घराबाहेर काढलंस? वर भाडं भरलंस? आम्ही काय पाहुणे आहोत? सख्ख्या भावाशी खोटं?"

"तू येऊन काय बघणार होतास, सांग ना," धाकटी म्हणाली. "तू गल्लीत सांगून आलास, बहिणीच्या फ्लॅटवर चाललोय म्हणून. मला तीन जणांचे फोन आले. घरभाड्याचा भत्ता शाळेने तीन वर्षांपूर्वी बंद केला, दादा. तेव्हापासून आम्ही दोघी राहतो."

"सांगितलं नाहीस."

"विचारलं नाहीस. दर रविवारी फोन करतोस आणि पहिला प्रश्न काय असतो तुझा? आज रेट काय चाललाय. मी जेवले का, बरी आहे का, ते नंतर. आधी रेट."

"तो मी सहज..."

"तू माझा पगार गुणतोस. सगळं घर गुणतं. नऊ वर्षांत एकानेही वजाबाकी केली नाही."

मग तिने जे केलं ते फक्त मास्तरणीलाच सुचू शकतं. केमिस्ट्रीवालीच्या काखेतल्या गठ्ठ्यातून एक कोरी पुरवणी ओढली, दादाच्या पुढ्यात ठेवली आणि त्याच्या खिशातलं पेन काढून त्याच्याच हातात दिलं.

"हा माझा पगार. बावन्नशे. वर लिही. मी खर्च सांगते, कुठला ठेवायचा नि कुठला कापायचा ते तू ठरव. महिना चालवून दाखव. तुला हप्त्याचे साडेअकराशे काढता आले तर आत्ता तुझ्यासमोर सही करते."

दादाने घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा वाजून गेले होते. "लिहितो," तो म्हणाला. "भितो की काय!"

केमिस्ट्रीवाली इस्त्री मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. आता इथून जाणं तिला अशक्य होतं.

"भाडं अकराशे."

"जास्त आहे."

"हे निम्मं आहे. निम्मं ही भरते. आणखी कमी हवं तर तिसरी बघते, हॉलमध्ये झोपेल."

दादाने अकराशे लिहिले. "पुढे."

"वीज-पाणी एकशे नव्वद."

"पंखा लावत जा की."

"अकरा दिवस एसी लावून पांघरूण घेऊन कोण झोपतंय?"

एकशे नव्वद.

"बस दोनशे चाळीस."

"शाळा चालत किती लांब आहे?"

"पन्नास मिनिटं."

"मग झालं की! व्यायामही..."

"हजेरी सव्वासहाला असते, दादा."

दोनशे चाळीस लिहिताना त्याने पेन जरा जोरात दाबलं. खाण्यापिण्याचे सातशे सांगितले तेव्हा वहिनीच मध्ये बोलली. "एवढ्यात कसं भागतं? मी परवा दुकानात गेले तर भाजी-दुधालाच शंभर गेले." दादाने तिच्याकडे असं बघितलं, जणू परीक्षेत शेजारच्याने चुकीचं उत्तर सांगितलंय. फोन-इंटरनेटच्या दीडशेवर तो अडला. "दीडशे? बोलतेस कोणाशी एवढं?"

"तुमच्याशी."

इथे राहण्याचा परवाना दरवर्षी काढावा लागायचा, त्याचे चोवीसशे. "पूर्वी शाळा भरायची, आता मी भरते. महिन्याला किती?"

"दोनशे," दादा पटकन म्हणाला आणि त्याला स्वतःचंच बरं वाटलं. विम्याचे एकशे तीस, विमानाच्या तिकिटासाठी बाजूला टाकायचे दीडशे, दाताचा हप्ता एकशे साठ. कपडे-चपलांचे ऐंशी ऐकून तो काही बोलला नाही, कारण तिच्या चपला दारातच दिसत होत्या. मार्कर, तक्ते, वर्गाचं सामान यांच्या शंभराला मात्र त्याने हरकत घेतली.

"हे शाळेने द्यायला पाहिजे."

"पाहिजे," धाकटी म्हणाली.

"माझे दीडशे जातात," केमिस्ट्रीवाली म्हणाली. "काचेच्या नळ्या पोरं फोडतात."

"आणि बँकेचा हप्ता साडेसातशे," धाकटी म्हणाली.

"हा कसला?"

"तुझा स्लॅब."

पेन थांबलं. "स्लॅबचे पैसे तू शिल्लकेतून दिलेस ना?"

"शिल्लकेतून दिले असं तू धरलंस. पावसाळ्याआधी पाहिजेत म्हणालास, मी कर्ज काढलं. दीड वर्ष राहिलंय अजून."

दादाने साडेसातशे लिहिले. अक्षर लहान आलं. मग त्याने बेरीज केली, ओठ हलवत, बोटं टेबलाखाली मोजत. बेरीज त्याने दोनदा केली, आणि दुसऱ्यांदा तीच आली तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"तीन हजार नऊशे पन्नास!" तो म्हणाला. "पगार बावन्नशे. उरले बाराशे पन्नास. हप्ता जाऊन वर शंभर शिल्लक! मी सांगत होतो ना? उगाच घाबरवतेस माणसाला."

तो खरोखर खूश होता. त्यात लबाडी नव्हती, हेच तर संतापजनक होतं. वहिनीनेही मान हलवली. धाकटी आणि केमिस्ट्रीवाली यांनी एकमेकींकडे बघितलं, पण दोघीही बोलल्या नाहीत. पेपर तपासणाऱ्या माणसाने मुलाला चूक सांगायची नसते, ती त्यालाच सापडू द्यायची असते. पण ती सापडायची लक्षणं दिसेनात.

"आणि आपल्याला पाठवते ते?" आई म्हणाली. "ते कोण लिहिणार?"

दर महिन्याच्या एक तारखेला अठराशे. नऊ वर्षं. दादा दर एक तारखेला बँकेत जायचा, आणि ते पैसे कोणाच्या तरी पगारातून वजा होऊन येतात हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ते यायचेच. त्याने कागदाकडे बघितलं, मग आईकडे, आणि शेवटी सगळ्यांत खाली, समासाच्या बाहेर, अठराशे लिहिले.

"उणे साडेपाचशे," तो म्हणाला. "मग तू जगतेस कशावर?"

"शिकवण्यांवर. चार ते सात. सहाशे मिळतात. करारात मनाई आहे, कोणी कळवलं तर त्याच दिवशी नोकरी जाईल. घसा त्यातच गेला."

"म्हणजे उरतात..."

"पन्नास. ही माझी परदेशातली बचत. आता घे आजचा रेट आणि गुण."

दादाने पेनाला टोपण लावलं.

आई अजून उभीच होती. तिने फणी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून लेकीजवळ बसली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि आज ती बोलून टाकली नाही तर पुन्हा धीर होणार नाही हे तिला माहीत होतं.

"तुझे अप्पा सहा वर्षं बाहेरगावी गिरणीत होते," ती म्हणाली. "मनीऑर्डर यायची, ऐंशी रुपये. एकोणऐंशी नाही, एक्क्याऐंशी नाही. मला वाटायचं, किती व्यवस्थित माणूस. परत आले तेव्हा कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती. तेव्हा मला कळलं. माणसाचा महिना कमी-जास्त होतो. पैसे कमी-जास्त होत नसतील तर पाठवणारा स्वतः कमी होत असतो. तुझे अठराशे यायला लागले तेव्हा वर्षभरातच मी ओळखलं."

"ओळखलंस तर विचारायचंस ना, आई!"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग घेता आले नसते." आईने डोळे पुसले नाहीत. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, छप्पर गळत होतं. मला कळत होतं आणि मी घेत राहिले. याला बोलू नकोस एकट्याला. हा बावळट आहे. मी नव्हते."

धाकटीला ओरडायचं होतं. गेली नऊ वर्षं तिने या प्रसंगासाठी भाषणं जुळवून ठेवली होती, बसमध्ये, स्टाफरूममध्ये, भाज्यांच्या रांगेत. पण त्या सगळ्या भाषणांत आईला काही माहीत नव्हतं. आता माहीत असलेल्या आईशी काय बोलायचं, हे तिला कळेना.

शेवटी दादाच बोलला. "रद्द करतो बुकिंग," तो म्हणाला. "दोन लाख बुडतील. बुडू देत. सही करू नकोस. घरी ये."

"ये," आई म्हणाली. "बास झालं."

असे क्षण या घरात फार येत नाहीत, आणि आले तर टिकत नाहीत. वहिनीने कप गोळा करायला घेतले होते, ते तिने परत खाली ठेवले.

"आणि वन्सं झोपतील कुठे?" ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"मधल्या खोलीत," आई म्हणाली. "तिचीच खोली आहे ती."

"होती," वहिनी म्हणाली. "आता तिथे माझ्या तीन मशिनी आहेत. जूनच्या आधी मला दोनशे दहा गणवेश द्यायचेत, दोन बायका कामाला येतात. आई, त्या मशिनींवरून तुम्ही माझ्याशी दोन महिने बोलत नव्हतात, विसरलात का? सेहेचाळीसाव्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने स्वतःला चप्पल घेतली. ती खोली मी सोडायची का? सोडा म्हणा. पण तोंडाने म्हणा, असं गृहीत नका धरू."

"अगं, ही काय वेळ आहे का!" दादा म्हणाला.

"हीच वेळ आहे. फ्लॅटचं तुमच्या डोक्यात कोणी घातलं? मी. का घातलं? वन्संना वेगळं घर झालं की मला खोली विचारायला कोणी येणार नाही म्हणून. झालं? बोलले." "मी वाईट दिसतेय ते मला कळतंय. पण आत्ता सगळे ये ये म्हणताय, नि जूनमध्ये यांना हॉलमध्ये सोफा द्याल. आठ दिवसांनी सोफ्यावर कोणीतरी पाहुणा येईल."

केमिस्ट्रीवाली खोकली. सोफ्याबद्दल तिचं स्वतःचं मत होतं, पण ते कोणी विचारलं नाही.

"बोलून चालून परक्याची पोर," आई म्हणाली. "शेवटी दाखवलंस."

"आई, गप्प बस," धाकटी म्हणाली. "ती एकटी खरं बोलतेय. तुम्ही दोघं मला बोलवताय, पण कुठे, ते कोणी सांगत नाही." ती उठली. पर्समधून फॉर्म काढून बघितला. त्यावर दोन चौकोन होते, करार पुढे चालू ठेवायचा किंवा नाही, आणि दोन्ही कोरे. एक वाजत आला होता. "मी जाते ऑफिसला. कोणी मागे यायचं नाही."

"भरणार काय त्यात?" दादाने विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

वहिनी दोन मिनिटं दाराकडे बघत उभी राहिली. मग पायात मिळतील त्या चपला सरकवून जिन्याने धावली. त्या चपला केमिस्ट्रीवालीच्या निघाल्या, दोन बोटं मोठ्या. बसथांब्यावर ती पोचली तेव्हा बस आलेलीच होती.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. तीन थांबे गेले.

"जायला हवंय तुम्हाला, की नकोय?" वहिनीने विचारलं. "माझं सोडा. घराचंही सोडा."

"हवंय," धाकटी म्हणाली. "इतकं हवंय की आत्ता रडू येईल. पण हॉलमध्ये नको. या वयात कोणाच्या मेहेरबानीवर नको. त्यापेक्षा इथे मुकी झालेली परवडली. इथे निदान माझी खोली माझी आहे, मी भाडं भरते."

वहिनीने पुढच्या सीटच्या पाठीवर वीत टाकली. एक, दोन, तीन, मग चार बोटं. डोळे बारीक करून ती काहीतरी मनात मांडत होती.

"मोठी मशीन हॉलच्या खिडकीपाशी येईल," ती म्हणाली. "उजेड तिथे बरा आहे. दोन बायका तिथेच बसतील. आईंना टीव्ही बघताना कटकट होईल, होऊ दे. दुसऱ्या दोन मशिनी भिंतीला लावल्या तर मधल्या खोलीत साडेसहा फूट राहतात. खाट मावते. कपाट नाही मावत."

"मला कपाट नको."

"कपड्यांचं काय मग?"

"दोन खोकी आहेत माझी. खाटेखाली."

"गणवेशांच्या दिवसांत रात्रीचीही मशीन चालेल हां. आवाज होतो. आत्ताच सांगते."

"चालेल."

"भाडं द्यायचंय का तुम्हाला?"

धाकटीने तिच्याकडे बघितलं. वहिनी गंभीर होती. "द्यायचंय," धाकटी म्हणाली.

"मग मला द्या. आईंना नाही, यांनाही नाही. खोली माझी आहे, मी दिलेली आहे. म्हणजे तुम्हालाही कोणाची मेहेरबानी नाही आणि मलाही कोणी गृहीत धरायचं नाही."

शाळेच्या ऑफिसात काचेच्या खिडकीमागे एक कारकून टेबल आवरत होता. दोनला वीस मिनिटं होती. धाकटीने खिडकीच्या फळीवर फॉर्म ठेवला आणि 'नाही'च्या चौकोनात खूण केली. त्याच्याखाली शेवटचा पगार आणि सामानाची खोकी पाठवण्यासाठी कायमचा पत्ता विचारला होता. नऊ वर्षांत तिने शेकडो फॉर्म भरले होते, पण या ओळीवर तिचं पेन अडलं.

"काय विचारतायत?" वहिनीने विचारलं.

"कायमचा पत्ता."

"मग लिहा की."

धाकटीने घर क्रमांक लिहिला, गल्ली लिहिली, गाव लिहिलं.

"वर लिहा, मधली खोली," वहिनी म्हणाली.

"पत्त्यात खोली लिहीत नाहीत, वहिनी."

"लिहा हो. सरकारी कागद आहे, शिक्का बसेल. घरी गेल्यावर माझी बुद्धी फिरली तर तोंडावर मारायला राहील."

धाकटीने इथल्या भाषेत दोन शब्द लिहिले आणि कागद खिडकीतून आत सरकवला. कारकुनाने वरपासून खालपर्यंत वाचला, त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावून काहीतरी विचारलं. वहिनीला त्याची भाषा येत नव्हती, पण बोट कुठे ठेवलंय ते दिसत होतं.

"खोली आहे," ती धाकटीच्या आधी, स्पष्ट मराठीत त्याला म्हणाली. "यांची आहे. मारा शिक्का."